६०६१ ची घर्षणाने चढवलेली भिंत: टी६ नंतर हार्डनेस आला, पण उभा बार थरावरच तुटायलाय

वाळूज_जॉबशॉप

नमस्कार मंडळी. जुन्या व्हर्टिकल मिलिंगवर अ‍ॅडिटिव्ह फ्रिक्शन स्टिर डिपॉझिशनचा सेटअप बसवलाय. अ‍ॅल्युमिनियम न वितळवता, पोकळ फिरत्या टूलमधून रॉड दाबून थर चढवायची पद्धत. माल चढतोय, भिंत सरळ येतीय, बाहेरून बघितलं तर तक्रारीला जागा नाही. अडचण हीट ट्रीटमेंटनंतर सुरू होते.

सेटिंग असं आहे. रॉड ६०६१-टी६ (६०६१ म्हणजे मॅग्नेशियम-सिलिकॉनवाला अ‍ॅल्युमिनियम, टी६ म्हणजे तापवून, पाण्यात विझवून, मग हलक्या उष्णतेत कडक केलेला), चौकोनी, ९.५ मिमी. टूल एच१३ टूल स्टीलचं, बाहेरचा व्यास ३८ मिमी. फेरे मिनिटाला ३००, टेबल १२० मिमी प्रति मिनिट, रॉडचा फीड ६५ मिमी प्रति मिनिट. थर १.५ मिमीचा, एकूण ४० थर, म्हणजे ६० मिमी उंची. खाली ६०६१ चीच १२ मिमी प्लेट. रॉड चॅनेलमध्ये चिकटू नये म्हणून ग्राफाइटचा स्प्रे मारतो.

चढवल्यावर हार्डनेस वरच्या थरांत ६२ व्हिकर्स, खाली प्लेटजवळ ४८. मग ५३० अंशांला एक तास (सोल्यूशन), पाण्यात क्वेंच म्हणजे झटकन गार, १७५ अंशांला आठ तास (एजिंग). त्यानंतर वर-खाली सगळीकडे १०४-१०५. इथपर्यंत बरं वाटलं. पण टेन्साइल (बार ओढून तोडायची चाचणी) काढलं तर टूल चालतं त्या दिशेत २९८ मेगापास्कल आणि ११ टक्के इलाँगेशन (तुटेपर्यंत वाढलेली लांबी), आणि उभ्या दिशेत २१५ मेगापास्कल, इलाँगेशन जेमतेम दीड टक्का. बार सपाट तुटतो, अगदी थराच्या रेषेवर, आणि तुटलेल्या तोंडावर काळपट पट्टे दिसतात. दुसरी गोष्ट, टी६ केलेला तुकडा कॉस्टिक सोड्यात टाकला तर कडेला नखाएवढे चमकणारे दाणे (धातूचे स्फटिक) दिसायलेत. टी६ च्या आधी ते नव्हते.

नेमकं काय चुकायलंय? सोल्यूशनचा टप्पा सोडून नुसतं एजिंग केलं तर चालेल का? आणि हो, क्वेंचनंतर भिंत प्लेटसकट दीड मिमी वाकली.

मेट_नांदेड

हार्डनेस आणि थरांची जोडणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टी६ ने पहिली सुधारते. दुसरीला तो हात लावत नाही. तुमची रीडिंग हेच सांगतायत: हार्डनेस सगळीकडे एकसारखा झाला, तरी बार थरावरच सुटला.

आधी हार्डनेसचं. ६०६१ ला ताकद देतात ते मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे सुईसारखे अतिसूक्ष्म प्रेसिपिटेट, म्हणजे धातूच्या आत सुटलेले कण. टूलखाली माल साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत जातो, तिथे ह्या सुया विरघळतात. वरचा थर एकदाच तापतो आणि हवेत निवतो, त्यामुळे मॅग्नेशियम-सिलिकॉनचा काही भाग विरघळलेल्या अवस्थेत अडकून राहतो आणि पुढच्या काही दिवसांत नॅचरल एजिंगने, म्हणजे खोलीच्या तापमानाला आपोआप, थोडा हार्डनेस येतो. म्हणून वर ६२. (हे रीडिंग चढवल्या दिवशी आणि आठवड्याने वेगवेगळं येतं. तारीख लिहून ठेवत जा.) खालच्या थरांची गत वेगळी. त्यांच्यावर पुढचे पस्तीस-चाळीस थर चढतात, प्रत्येक वेळी ते पुन्हा तापतात, आणि २५० ते ४०० च्या पट्ट्यात बराच वेळ काढतात. तिथे प्रेसिपिटेट पुन्हा तयार होतात खरे, पण जाड आणि विरळ. असले जाड कण डिस्लोकेशनला (धातू वाकताना आत सरकणाऱ्या दोषांना) अडवत नाहीत. म्हणून ४८.

आता नुसत्या एजिंगचं उत्तर यातच आहे. एजिंगला विरघळलेला माल लागतो. तो फक्त वरच्या थोड्या थरांत शिल्लक आहे, तिथे १७५ ला हार्डनेस वाढेल. खाली सगळा माल आधीच जाड कणांत अडकलाय, तिथे आठ तास ठेवा नाहीतर ऐंशी, काही हाती लागणार नाही. वर कडक आणि खाली मऊ अशी भिंत तयार होईल.

हे कापाकापी न करता बघायचं असेल तर एडी करंटचा कंडक्टिव्हिटी (विजेची वाहकता) मीटर वापरा. ६०६१ ला टी४ मध्ये (क्वेंचनंतर भट्टीत एजिंग न केलेला) साधारण ४०, टी६ मध्ये ४३, पूर्ण अ‍ॅनिल केलेल्याला ४७ टक्के आयएसीएस (तांब्याच्या तुलनेत वाहकता) येतं. प्लेटपासून वरपर्यंत दर ५ मिमीवर हार्डनेस आणि कंडक्टिव्हिटी दोन्ही घ्या. हार्डनेस कमी आणि कंडक्टिव्हिटी जास्त असेल तर माल ओव्हरएज झालाय (कण जाड झालेत), सोल्यूशनशिवाय उपाय नाही. हार्डनेस कमी आणि कंडक्टिव्हिटीही कमी असेल तर माल विरघळलेला आहे, तिथे एजिंग लागू पडेल. नुसत्या हार्डनेसवरून हा फरक कळत नाही. एक काळजी घ्या: आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हातून आणलेला जॉब आणि एसीत ठेवलेला कॅलिब्रेशनचा ठोकळा यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक सहज असतो, आणि दहा अंशांनी रीडिंग एक-दीड टक्क्याने खाली येतं. तेवढ्याने टी६ चा टी४ दिसायला लागतो. दोन्ही एका टेबलावर दोन तास ठेवून मगच मोजा.

मोठ्या दाण्यांचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, तो विषय मोठा आहे.

मेट_नांदेड

घुसळलेल्या मालात दाणे काही मायक्रॉनचे असतात. एवढ्या बारीक दाण्यांत सीमारेषांचं क्षेत्रफळ प्रचंड, आणि ते कमी करायची धातूची धडपड सतत चालू असते. त्या सीमा जागेवर धरून ठेवतात ते बारीक कण. ६०६१ मध्ये त्यातले बरेचसे मॅग्नेशियम सिलिसाइडचे. ५३० ला तेच विरघळतात, म्हणजे खुंट्याच उपटल्या जातात. त्याही सगळीकडे एकदम उपटत नाहीत. जिथे आधी सुटल्या तिथला एखादा दाणा शेजारचे शेकडो गिळून मिलिमीटरभर मोठा होतो. याला असामान्य दाणेवाढ म्हणतात. फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग केलेल्या जोडांतही सोल्यूशननंतर हेच होतं, नवीन काही नाही. कडेला जास्त दिसतं कारण तिथे ताण आणि तापमान मधल्यापेक्षा वेगळं असतं.

सोक (तापमानाला धरून ठेवायचा वेळ) एक तासाचा अर्धा तास केला तर वाचेल असं वाटतं, पण ही वाढ तापमानाला पोहोचल्यावर पहिल्या काही मिनिटांतच उरकते. वेळ कापून फार काही मिळत नाही आणि सोल्यूशन मात्र अर्धवट राहतं. तापमान खाली आणायलाही ६०६१ मध्ये वाव थोडा आहे.

मग काय करता येतं? एक, रॉडचं मिल सर्टिफिकेट बघा. ६०६१ मध्ये क्रोमियम ०.०४ पासून ०.३५ टक्क्यापर्यंत चालतं, ही फार रुंद मर्यादा आहे. क्रोमियमचे आणि मँगनीजचे डिस्पर्सॉइड (बारीक पसरलेले कण) ५३० ला विरघळत नाहीत, खुंट्या म्हणून टिकतात. दोन हीटचे (वेगवेगळ्या ओतणीचे) रॉड समोर असतील तर ०.२ च्या पुढचा घ्या. क्रोमियम वाढलं की माल क्वेंचच्या बाबतीत जास्त नाजूक होतो, म्हणजे पाण्यात जायला उशीर झाला तर हार्डनेस जास्त पडतो, हेही लक्षात असू द्या. दोन, कडा मशीन करून काढायच्याच असतील तर तिथले दाणे तुमचं काही बिघडवत नाहीत. तीन, फार थंड सेटिंगवर चढवलेला माल, म्हणजे कमी फेरे आणि जोरात टेबल, जास्त बारीक दाण्यांचा असतो आणि सोल्यूशनमध्ये जास्त बिघडतो. बारीक दाणा मिळाला म्हणून खूश होऊ नका, टी६ करायचं असेल तर तो टिकणार नाही.

मोठ्या दाण्यांनी यील्ड (माल कायमचा वाकायला लागतो तो ताण) थोडा कमी होतो, आणि वाकवला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. पण दीड टक्का इलाँगेशनचं खापर त्यांच्यावर फोडू नका. काळपट पट्टे म्हणजे ग्राफाइट, आणि ते कुठून आलं ते स्टिरवाल्या मंडळींनी सांगावं.

स्टिरवाला

टूलचं तोंड कसं आहे? सपाट, की खाली उंचवटे आहेत? हे सांगितल्याशिवाय पुढचं काही खरं नाही.

दरम्यान एक हिशोब करून घ्या. जेवढा माल रॉडमधून जातो तेवढाच थरात दिसला पाहिजे. रॉडचा छेद ९.५ गुणिले ९.५, म्हणजे ९०.२५ चौरस मिमी. थराचा छेद ३८ गुणिले १.५, म्हणजे ५७. टेबल १२० ने चाललंय, तर मिनिटाला ६,८४० घन मिमी माल हवा. भागिले ९०.२५, म्हणजे रॉडचा फीड ७६ मिमी पाहिजे. तुम्ही ६५ देताय. त्यात मिनिटाला ५,८६६ घन मिमी माल येतो, आणि १.५ मिमीच्या थरात तो जेमतेम साडेबत्तीस मिमी रुंदी भरतो. बाकीच्या पाच-साडेपाच मिमीवर टूल नुसतं घासत जातंय. कडेला थर एकमेकांवर टेकलेत पण दाबले गेले नाहीत, आणि आतही दाब कमी पडल्याने पोकळ्या राहिल्या असतील. थोडी फ्लॅश (कडेने निघणारा जादा माल) बाहेर निघायलाच हवी, ती दाब पुरेसा असल्याची खूण आहे. फीड ८० ते ८३ ठेवा. दोन्ही बाजूंनी एकसारखी पातळ झालर निघाली तर बरोबर. एकाच बाजूने निघाली तर हेडची ट्रॅम (टेबलाशी काटकोन) तपासा.

फीड वाढवला की खालचा दाबही वाढतो. जुन्या मिलिंगचा क्विल (स्पिंडलची वर-खाली सरकणारी नळी) त्याला मागे सरकतो आणि थर १.५ ऐवजी १.७ होतो. दर पाच थरांनी उंची मोजून बघा. ४० थरांची ६० मिमीच भरायला पाहिजे.

वाळूज_जॉबशॉप

तोंड सपाट आहे, मध्ये रॉडचं भोक आणि बाकी शोल्डर गुळगुळीत. बनवायला सोपं म्हणून तसं केलं. ग्राफाइट सढळ हाताने मारतो, रॉड काळाकुट्ट दिसेपर्यंत, कारण पातळ मारला की तिसऱ्या-चौथ्या थराला रॉड अडकतो.

स्टिरवाला

मग सापडलं. सपाट टूल वरचा थर पसरवतं, खालच्या थराला घुसळत नाही. जुन्या थराच्या पाठीवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, त्यावर ग्राफाइटचा लेप, आणि त्यावर नवीन माल इस्त्री केल्यासारखा बसतो. धातूला धातू फार थोड्या जागी भेटतो. उभा बार ओढला की ती इस्त्री उलगडते.

टूलच्या तोंडावर थेंबाच्या आकाराचे चार उंचवटे ठेवा. दोन आतल्या वर्तुळावर, दोन बाहेरच्या, समोरासमोर न येता. उंची साधारण २.३ मिमी. थर १.५ चा आहे, म्हणजे उंचवटा खालच्या थरात पाऊण मिलिमीटर घुसतो, पापुद्रा फोडतो आणि दोन्ही थरांचा माल एकमेकांत गुंफतो. छेद पॉलिश करून एच केला (रसायनाने खोदला) की दोन थरांची सीमा सरळ रेषेऐवजी लाटेसारखी दिसायला लागते. सरळ रेष दिसत असेल तोवर उभ्या ताकदीची अपेक्षा धरू नका. एच१३ चं टूल ४८ ते ५० रॉकवेलला हार्ड करून घ्या, उंचवट्याच्या मुळाशी रेडियस द्या, तिथेच तडा जातो.

ग्राफाइटचं असं आहे. अ‍ॅल्युमिनियममध्ये कार्बन विरघळत नाही, त्यामुळे आत गेलेलं ग्राफाइट कुठल्याही हीट ट्रीटमेंटने निघत नाही. घुसळलं तर विखुरतं, एवढंच. शिवाय ओलसर जागी ते अ‍ॅल्युमिनियमला गंजवतं, खड्डे थराच्या रेषेनेच पडत जातात. म्हणून कमीत कमी मारायचं. एक हलका हात, रॉडचा राखाडी रंग मागून दिसला पाहिजे, आणि पूर्ण वाळू द्यायचा. स्प्रेतलं सॉल्व्हंट आणि बाइंडर ओलं राहिलं तर तेही थरात जातं आणि ५३० ला त्याचे फोड उठतात. पातळ लेपावर रॉड अडकतो, कारण उष्णता वर चढते आणि रॉड शोल्डरच्या वरच मऊ होऊन चॅनेलमध्ये फुगतो. त्यावरचं उत्तर जास्त ग्राफाइट नाही, टूल होल्डरला पाण्याचं जॅकेट आहे. चॅनेल आतून उभ्या दिशेने पॉलिश करा, आडव्या टूल-मार्कमध्येच माल पहिला धरतो.

दर थरानंतर स्टेनलेसच्या तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिटोनचं फडकं मारा. लोखंडावर वापरलेला ब्रश चालणार नाही. ४० थरांना ४० वेळा करायचा कंटाळा येतो, पण वगळलेला थर नेमका तुटतो. आणि न थांबता थर चढवत गेलात तर भिंत तापत जाते, वरचे थर फार मऊ पडतात. दर वेळी भिंतीचा माथा एकाच तापमानाला, समजा १५० ला, येऊ द्या आणि मगच पुढचा थर सुरू करा. पहिला आणि चाळिसावा थर एकाच परिस्थितीत बसला पाहिजे.

भट्टी_चिकलठाणा

प्रोसेसचं वरच्यांनी सांगितलंच. मी फक्त भट्टी आणि पाणी यावर बोलतो, कारण तुमच्या टी६ मध्येही तीन-चार गोष्टी खटकल्या.

जालना-वाळूज पट्ट्यात सगळ्यांचा हात लोखंडावर बसलाय. लोखंड क्वेंच केलं की कडक होतं. अ‍ॅल्युमिनियम क्वेंचमधून बाहेर येतं तेव्हा मऊ असतं, कडक होतं ते एजिंगमध्ये. हे डोक्यात पक्कं असलं की बाकीचं सोपं जातं. लोखंडाची भट्टी ८५०-९०० ला चांगली चालते म्हणून ती १७५ ला चांगली चालेल असं समजू नका. पंखा नसलेल्या मफलमध्ये (बंद पेटीच्या भट्टीत) १७५ ला वर-खाली वीस अंशांचा फरक सहज निघतो, आणि वीस अंशांनी एजिंगचं गणितच बदलतं. हवा फिरवणारी भट्टी हवी आणि आतला फरक अधिक-उणे सहा अंशांत हवा.

सोकचा वेळ. तुमची भिंत ३८ मिमी जाड आहे. एअर फर्नेसमध्ये एवढ्या जाडीला एक तास कमी, दीड ते दोन तास धरतात. आणि घड्याळ दार बंद केल्यापासून चालू करायचं नाही. त्याच जाडीच्या भंगार तुकड्यात मध्यापर्यंत ३ मिमीचं भोक पाडा, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घाला, तो तुकडा जॉबशेजारी ठेवा. त्याने ५२५ ओलांडल्यावर सोक सुरू.

दार उघडल्यापासून जॉब पूर्ण बुडेपर्यंत १५ सेकंद. त्यापेक्षा जास्त नाही. भट्टी एका कोपऱ्यात आणि टाकी दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर आधी रिकाम्या हाताने दोनदा सराव करून घड्याळ लावा. ४०० ते २६० च्या पट्ट्यातून माल जितक्या लवकर निघेल तितकं बरं, तिथेच जाड कण सुटतात.

आता पाण्याचं. पत्र्याच्या शेडखालची टाकी मे महिन्यात दुपारी किती तापते ते हात घालून बघा. क्वेंचच्या सुरुवातीला पाणी ३५ च्या आत असलं म्हणजे निर्धास्त. जॉब बुडवल्यावर वाढ किती होते तेही काढता येतं: प्लेटसकट २० किलो अ‍ॅल्युमिनियम ५३० वरून खाली आलं तर साधारण नऊ-साडेनऊ मेगाज्यूल उष्णता सोडतं, हजार लिटर पाणी त्याने सव्वादोन अंशांनी तापतं. म्हणजे एका जॉबला अडचण नाही, पण दोनशे लिटरच्या पिंपात हेच केलं तर अकरा अंश. पाणी आधीच गरम असेल तर बर्फाचा हिशोब असा: हजार लिटर पाणी ३५ वरून २५ वर आणायला सुमारे ९५ किलो बर्फ लागतो. त्यापेक्षा जमिनीखालच्या हौदातलं पाणी उपसून घ्या आणि क्वेंच पहाटे उरका. पंपाने पाणी हलतं ठेवा, नाहीतर जॉबभोवती वाफेचं आवरण धरतं आणि एक बाजू मऊ राहते.

वाकण्याबद्दल. भिंत प्लेटवर असताना एका बाजूला जाड माल, दुसऱ्या बाजूला पसरट प्लेट, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने निवणार, मग वाकणारच. त्यात चढवतानाचा ताण आधीच आत बसलेला. जमलं तर प्लेट आधी कापून काढा. जॉब उभा बुडवा, आडवा टाकू नका. दोन्ही बाजूंना ३ मिमी मशीनिंग ठेवून टी६ करा, फिनिश नंतर. आणि क्वेंचनंतर पहिल्या तासाभरात जॉब मऊ असतो, तेव्हाच डायल लावून प्रेसवर सरळ करा. एजिंगनंतर सरळ करायला गेलात तर परत उसळतो.

सरळ झाला की लगेच एजिंगला घाला, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. ६०६१ क्वेंचनंतर खोलीच्या तापमानाला पडून राहिला तर त्यात बारीक गुच्छ तयार होतात आणि नंतरच्या एजिंगमध्ये पूर्ण हार्डनेस येत नाही. चाळीस अंशांच्या शेडमध्ये हे आणखी लवकर होतं. थांबावंच लागलं तर उणे १८ च्या डीप फ्रीझरमध्ये ठेवा.

वीज गेली तर? एजिंग चालू असताना गेली तर दार उघडू नका. जॉबच्या थर्मोकपलची नोंद ठेवा, वीज आल्यावर तो १७० च्या वर गेल्यापासून उरलेला वेळ पूर्ण करा, तेवढं चालतं. सोल्यूशन चालू असताना गेली आणि जॉब ५१५ च्या खाली आला, तर तसाच क्वेंच करायचा मोह आवरा. पुन्हा ५३० ला न्या आणि सोक पहिल्यापासून द्या.

लातूर_फॅब

धागा वाचतोय. दोन शंका. ह्याच सेटअपवर ७०७५ (झिंकवाला, जास्त ताकदीचा अ‍ॅल्युमिनियम) चढवला तर भट्टीची तापमानं काय ठेवायची? आणि ज्याला टी६ ची ताकद लागत नाही अशा ब्रॅकेटसाठी हे सगळं टाळता येईल का?

मेट_नांदेड

७०७५ ला ५३० चा विचारही करू नका. त्यात ४७७-४८० च्या आसपास वितळणारा भाग शिल्लक असू शकतो, त्यावर गेलात की दाण्यांच्या सीमा वितळतात, आणि एकदा वितळल्या की तो माल भंगार. सोल्यूशन ४६५ ते ४७०, मग पाणी, मग १२० ला २४ तास म्हणजे टी६. स्ट्रेस कोरोजनची (ताणाखाली गंजून तडकण्याची) भीती असेल तर टी७३: आधी १०७ ला सहा ते आठ तास, मग १६३ ला दुसरा टप्पा चोवीस ते तीस तास. ताकद दहा-पंधरा टक्के जाते, पण थराच्या दिशेने जोर येणार असेल तर तेच घ्या. कंडक्टिव्हिटी टी६ ला ३३ च्या आसपास, टी७३ ला ३८ च्या वर. २०२४ नावाच्या तांबेवाल्या अ‍ॅल्युमिनियमसाठी सोल्यूशन ४९३, आणि ५०२ च्या वर तोही वितळायला लागतो. दोन्हींना भट्टीचा कंट्रोलर खरं सांगतोय का, हे वेगळ्या थर्मोकपलने ताडल्याशिवाय जॉब घालू नका. सहा अंशांची चूक ६०६१ सोसतो, हे दोघे सोसत नाहीत.

ब्रॅकेटसाठी ५०८३ (मॅग्नेशियमवाला अ‍ॅल्युमिनियम). त्याची ताकद मॅग्नेशियम विरघळून येते, प्रेसिपिटेटने नाही, त्यामुळे चढवताना ती हरवत नाही. चढवलेला माल साधारण ओ टेंपरच्या (पूर्ण मऊ अवस्थेच्या) आसपास बसतो. प्लेटला त्यासाठी किमान २७५ मेगापास्कल आणि यील्ड १२५ धरतात. सोल्यूशन नाही, क्वेंच नाही, वाकणं नाही, दाणेवाढीचा प्रश्न नाही. फक्त ६५ अंशांच्या वर सतत तापणाऱ्या जागी लावू नका, मॅग्नेशियम सीमेवर येऊन बसतं आणि खाऱ्या ओलाव्यात माल दाण्यादाण्याने सुटतो. आणि थरांची जोडणी इथेही टूलच्या उंचवट्यावरच अवलंबून आहे, त्यातून सुटका नाही.

वाळूज_जॉबशॉप

सगळ्यांचे आभार. उंचवट्याचं टूल करायला टाकतो, फीड ८२ करतो, ग्राफाइट कमी. नवीन भिंत आल्यावर चाचण्या कोणत्या क्रमाने लावू? तुकडे मोजकेच निघणार.

मेट_नांदेड

भिंतीचे तीन भाग करा: एक चढवला तसाच, एक नुसता १७५ ला एजिंग, एक पूर्ण टी६. प्रत्येकातून दोन आडवे आणि दोन उभे बार. ६० मिमी उंचीत पूर्ण मापाचा उभा बार बसत नाही, छोटा घ्या, पण गेजचा भाग (बारचा मधला बारीक भाग) प्लेटच्या सांध्यापासून किमान १० मिमी वर ठेवा, नाहीतर तुम्ही पहिल्या थराची चाचणी कराल आणि निष्कर्ष भिंतीचा काढाल. रुंदीत मधलेच २५ मिमी वापरा. पट्ट्यातल्या एखाद्या लॅबकडे देणार असाल तर ६०६१ चे छोटे बार त्यांच्या ग्रिपमध्ये बसतात का, हे बार कापायच्या आधी विचारून घ्या.

उभे बार आधी "चढवला तसाच" भागाचे ओढा. ते थरावर न तुटता मान काढून (मधे बारीक होऊन) तुटले, तर जोडणी जमली. तरच टी६ चे बार भट्टीत घाला. जोडणी जमली नसेल तर भट्टीचा खर्च वाचवा आणि पुन्हा टूलकडे जा.

एचिंगसाठी कॉस्टिकचं १० टक्के द्रावण ६० अंशांला, तीन ते पाच मिनिटं, धुऊन मग निम्मं पाणी घातलेल्या नायट्रिकमध्ये काळा थर जाईपर्यंत. कॉस्टिकमधून हायड्रोजन निघतो, शेडचं दार उघडं ठेवा. थरांची लाट बघायला केलर (अ‍ॅसिडचं मिश्रण) लागतो, त्यात हायड्रोफ्लोरिक आहे. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर ते लॅबकडूनच करून घ्या, शेडमध्ये करू नका.

भट्टी_चिकलठाणा

एक भर. टी६ च्या प्रत्येक घाण्यात न वापरलेल्या ९.५ च्या रॉडचा १०० मिमी तुकडा जॉबसोबत ठेवा. तोच सोक, तेच पाणी, तेच एजिंग. तो १०५ च्या आसपास आला आणि भिंत आली नाही, तर दोष चढवण्यात आहे. तोही ९० वर अडकला, तर भट्टीत किंवा पाण्यात. रॉड बारीक असल्याने तो भिंतीपेक्षा लवकर निवतो, म्हणून त्याचा हार्डनेस एक-दोन अंकांनी जास्त आला तर गोंधळून जाऊ नका. तुकड्यावर घाण्याचा नंबर पंचने ठोका, मार्करचं लिहिलेलं ५३० ला उडून जातं.